टेप ओढायची नसते, दमवायची असते



या पानावर मी पेरणी, फवारणी, पाणी-पाळी असंच लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेतातलाच आहे. फोनच्या पाठीला चिकटवलेली लोखंडी चकती, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा होल्डर, स्टार्टरच्या पेटीवरची मोबाईल ऑटोची अँटेना, गोठ्यातला सेन्सरचा दिवा, हे सगळं आजकाल डबल टेपनं चिकटवलेलं असतं. बसवायला दोन मिनिटं लागतात. काढायची वेळ आली की माणूस स्क्रू ड्रायव्हर, खुरपं, ब्लेड, जे हाताला लागेल ते घेऊन बसतो. मग कुठं काच जाते, कुठं बोट कापतं, कुठं वायर तुटते. गेल्या महिन्यात आमच्याकडं यातले दोन-तीन प्रकार एकदम समोर आले, म्हणून लिहायला बसलो.

कुणी म्हणेल, तात्या, टेप काढण्यात काय एवढं लिहायचं? तर ऐका. आमच्या वडिलांच्या काळात अवजार म्हटलं की तिफण, कुळव, कोळपं. मोडलं तर सुतार-लोहार गावातच होता. आता फोन हे सुद्धा अवजारच झालंय. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाची नोंद आपणच बांधावर उभं राहून फोनमध्ये करतो. फार्मर आयडी फोनवर, ओटीपी फोनवर, मोटर चालू-बंद फोनवर. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पुरानं शेतं धुतली, तेव्हा माणसं चिखलात उभी राहून आधी फोटो काढत होती, कारण पुरावा म्हणजे तोच. असा फोन दहा रुपयांच्या टेपपायी खराब झाला तर नुकसान फोनच्या किमतीएवढंच राहत नाही.

आधी टेप म्हणजे काय ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

बाभळीचा डिंक आपल्याला माहीत आहे. ओला असतो तोवर चिकट, वाळला की खडा. पाण्यात टाकला की विरघळतो. टेपचा डिंक तसा नसतो. तो कधी वाळतच नाही. कायम मऊ राहतो, आणि दाबला की समोरच्या वस्तूच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचांत हळूहळू उतरत जातो. म्हणून पहिल्या दिवशी चिकटवलेली वस्तू लगेच निघते आणि तिसऱ्या दिवशी हलत नाही. फोमवाल्या जाड टेपला पूरा जोर धरायला साधारण तीन दिवस लागतात. पाण्यानं काही होत नाही. आणि थंडीत तो डिंक आखडतो. सध्या रात्री हुरड्याच्या आगटीजवळून उठावं वाटत नाही अशी थंडी आहे. अशा दिवसांत सकाळी सकाळी टेप काढायला जाल तर ती दगडासारखी लागेल.

दुसरी गोष्ट. हा डिंक झटक्याला दाद देत नाही. जितक्या जोरात ओढाल तितका तो कडक होतो. हळू ओढला की लांबतो, तार सुटते आणि सोडून देतो. काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुतला की आपण काय करतो? झटका दिला तर चप्पल आत राहते, पाय वर येतो. जाणता माणूस पाय जरा वळवतो, आत हवा जाऊ देतो, आणि सावकाश काढतो. टेपचं तंतोतंत तसंच आहे. ओढायची नसते, दमवायची असते.

दमवायला तीन गोष्टी लागतात. ऊब, दोरा आणि सबुरी.

ऊब म्हणजे आच नव्हे. लायटर, मेणबत्ती, गॅस, रंग काढायची हीटगन, यातलं काहीच नको. हाताच्या पाठीला सहन होईल इतकीच ऊब. घरात हेअर ड्रायर असेल तर कमी आचेवर, वीतभर लांबून, अर्धा मिनिट फिरवायचा, थांबायचं, पुन्हा अर्धा मिनिट. आमच्याकडं ड्रायर नाही, कंबर शेकायची रबरी पिशवी आहे. तिच्यात गरम पाणी भरायचं, उकळतं नाही. बूच घट्ट लावायचं, बाहेरून पुसून कोरडी करायची, फडक्यात गुंडाळायची आणि चकतीवर चार-पाच मिनिटं ठेवायची. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डसाठी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकून लावली तरी चालते. ती सुद्धा आधी आपल्या हाताच्या पाठीला लावून बघायची. फोनला मात्र मीठ नको, कण चार्जिंगच्या भोकात गेला तर गंज धरतो.

दोरा म्हणजे नायलॉनचा बारीक पण मजबूत दोरा. सीना-कोळेगावच्या पाण्यावर गळ टाकणारे जी दोरी वापरतात ती उत्तम. दात कोरायचा मेणाचा दोरा मेडिकलमध्ये मिळतो, तोही चालतो. पतंगाचा मांजा घेऊ नका. त्याला काचेची पूड असते, फोनच्या पाठीवर आणि तुमच्या बोटांवर रेघा ओढेल, आणि नायलॉनच्या मांजावर तर बंदीच आहे. दोऱ्याची दोन टोकं दोन काड्यांना गुंडाळायची, म्हणजे बोटं कापत नाहीत. दोरा चकती आणि फोन यांच्या मधल्या फोममध्ये घालायचा आणि करवतीसारखा इकडून तिकडं ओढत पुढं न्यायचा. घाई करायची नाही. दोरा थांबला की पुन्हा शेकायचं. फोम मधोमध कापला जातो आणि चकती आपोआप हातात येते. वर उचकटायचं काहीच काम नाही.

टेप पातळ असेल आणि दोरा शिरतच नसेल तर जुनं, मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्यायचं. कोपऱ्यातून आडवं सरकवायचं. कुल्फीची लाकडी काडी किंवा बांबूची तासलेली कामटी पण चालते. एकच नियम लक्षात ठेवायचा, आत सरकवायचं हत्यार हे फोनपेक्षा मऊ पाहिजे. लोखंड वापरलं की काचेवर जोर एका टोकाशी येतो आणि काच तिथूनच तडकते. होल्डर गोल असेल तर शेकल्यावर तो धरून हळूहळू पिळायचा, बरणीचं झाकण फिरवतो तसा. फोमला पीळ सहन होत नाही.

भिंतीवर किंवा टीव्हीच्या मागं लावायच्या काही पट्ट्यांना खाली एक मोकळी शेपटी ठेवलेली असते. ती पट्टी स्वतःकडं ओढायची नाही. भिंतीला लागून, सरळ खाली, सावकाश ताणायची. रबरासारखी हातभर लांबते आणि डाग न ठेवता सुटते. पुष्कळ लोक ती समोर ओढतात, मग शेपटी तुटते आणि मग पुन्हा दोरा शोधावा लागतो.

आता चकती निघाली, पण डिंकाचा थर राहिला. तिथं निम्मं काम टेपलाच करायला लावायचं. तीच उरलेली टेप बोटाला गुंडाळून त्या डिंकावर टपटप दाबायची आणि उचलायची. डिंकाला डिंक चिकटतो, बराचसा निघून येतो. बाकीच्याला तेल. पिवळे चिकट सापळे लावताना हाताला जो चिकटा लागतो तो साबणानं जात नाही, हे कपाशी-भाजीपाला करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कारभारणीनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "कैरीचा चीक जसा काढतोय तसाच काढा की, आधी तेल आन् मग साबण." करडईचं तेल फडक्याला दोन थेंब, डिंकावर लावून दहा मिनिटं सोडायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं, शेवटी साबणाच्या ओलसर फडक्यानं. तेल फडक्याला लावायचं, फोनवर ओतायचं नाही. स्पीकरच्या जाळीपासून आणि भोकांपासून लांब ठेवायचं.

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते जास्त चांगलं, कारण ते उडून जातं आणि तेलकट राहत नाही. तेही फडक्यालाच लावायचं. फोन बंद करून. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अल्कोहोल, स्पिरिट, सॅनिटायझर हे पेटणारे पदार्थ आहेत. शेकणं आणि स्पिरिट एका वेळी कधीच नाही. शेकायचं काम संपवायचं, वस्तू गार होऊ द्यायची, चूल-बिडी लांब ठेवायची, मग बाटली उघडायची.

पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी, हे तिन्ही नको. पेट्रोलचा भडका वेगळा, पण थिनर आणि नेलपॉलिशचं पाणी प्लॅस्टिकच खातं. कंट्रोलरच्या तोंडावर आकडे दिसायची जी पारदर्शक खिडकी असते, तिला थिनर लागलं की ती दुधाळ होते आणि बारीक चिरा पडतात. मग डिंक जातो, पण आकडेही दिसत नाहीत.

इथपर्यंत सांगितलं ते डिंकाचं. पण डिंक हा खरा धोका नाहीच. धोका असतो त्याच्या मागं. त्याचे दोन प्रसंग सांगतो.

थोरल्या भावाचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो. फोन डॅशबोर्डवरच्या लोहचुंबकाच्या होल्डरवर, चार्जरची वायर कायम लावलेली, वरून ऊन. तो एक दिवस दुपारी फोन घेऊन आला. "तात्या, चकती एका बाजूनं उचलायलीय. शेकून काढून द्या, नवी टेप लावतो. संध्याकाळी ओटीपी यायचाय."

मी फोन हातात घेतला. चकती बोटानं दाबून बघितली, घट्ट होती. मग फोन बंद करायला लावला आणि कडप्प्याच्या ओट्यावर पाठ खाली करून ठेवला. चकतीची जाडी सोडून द्या, फोनच्या पाठीचा मधला भागच वर आला होता. कडेला पाठ आणि चौकटीच्या मधे नख जाईल एवढी फट. एका बाजूनं उजेड दिसत होता.

म्हटलं, "बाळा, चकती नाही उचलायली. पाठ फुगायलीय. आतली बॅटरी फुगलीय."

"मग शेकून पाठ बसवता येत न्हाई का?"

मंडळी, हाच तो क्षण आहे ज्यासाठी हे सगळं लिहितोय. फुगलेल्या बॅटरीच्या फोनला शेकायचं नाही, दाबायचं नाही, दोरा घालायचा नाही, कार्ड सरकवायचं नाही आणि चार्जिंगला लावायचं नाही. लिथियमच्या बॅटरीत पातळ पदर एकमेकांजवळ गुंडाळलेले असतात, मधे कागदासारखा पडदा असतो. बॅटरी उन्हानं आणि कायम पूर्ण भरलेली ठेवल्यानं लवकर म्हातारी होते, आत वायू तयार होतो आणि ती पुरीसारखी टम्म होते. तिला टोक लागलं किंवा ती मुरडली तर तो पडदा फाटतो, दोन पदर एकमेकांना भिडतात, आणि मग आतूनच उष्णता वाढत जाते. ती बाहेरून विझवणं अवघड. धूर येतो, मग ज्वाळा. आणि आपण फोन कुठं ठेवतो? गोठ्यातल्या बोर्डाला, शेजारी कडब्याची गंजी. वर्षाची वैरण.

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेत पारा चाळिशीच्या वर जातो. फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. उन्हातल्या डॅशबोर्डवर तर त्याहून किती तरी जास्त तापतं, तिथं हात ठेववत नाही. चार महिने त्या जागी चार्जरला लावून ठेवलेला फोन फुगला तर नवल नाही.

पोरगं नाराज झालं. त्याला संध्याकाळचा ओटीपी दिसत होता, मला कडबा. मार्ग साधा निघाला. सिम काढून त्याच्या आईच्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं. ओटीपी सिमवर येतो, फोनवर नाही. फोन बंदच ठेवला. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घातली, त्यात फोन ठेवला, झाकण नुसतं वर टेकवलं, घट्ट लावलं नाही. डबा घराबाहेर, गोठ्यापासून लांब, सावलीत. दुसऱ्या दिवशी तो डबा तसाच गाडीच्या पुढच्या पिशवीत घालून तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडं. पँटच्या खिशात नाही. दुरुस्तीवाल्यानं पाठ उघडली, फुगलेली बॅटरी सांभाळून काढली, नवी बसवली. फोनमधली सगळी माहिती, शेताचे फोटो, पावत्या जिथल्या तिथं राहिल्या. चकती त्यानंच नव्या पाठीवर न लावता परत हातात दिली.

फोन फुगलाय का हे बघायची सोपी रीत. कव्हर काढा, सपाट फरशीवर ठेवा, कोपऱ्याला बोट लावा. भिंगरीसारखा फिरला किंवा डुलला तर शंका घ्या. पाठ आणि चौकटीच्या मधे फट दिसली, पडदा एका जागी उचलला गेला, गोडसर-उग्र वास आला, तर घरचे उपाय तिथंच संपले. आणि कधी धूर दिसलाच तर हातात धरून पळू नका. माणसं, जनावरं आणि जळाऊ वस्तू त्याच्यापासून लांब न्या, धूर नाकात जाऊ देऊ नका. काढलेली जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायची नाही. दुरुस्तीवाल्याकडंच ठेवा, पुढं नीट जाईल.

दुसरा प्रसंग विहिरीवरचा. स्टार्टरची जुनी पत्र्याची पेटी गंजली होती, नवी आणली. जुन्या पेटीच्या माथ्यावर मोबाईल ऑटोची अँटेना टेपनं पक्की बसवलेली. ती सोडवून नव्या पेटीवर घ्यायची होती. वायरमन सोबत होता. धाकटा भाऊ म्हणाला, लाइट तर गेलीय, काढून टाका.

लाइट गेलीय म्हणून काम करणं, यातच आपल्याकडं माणसं जातात. शेतीची लाइट पाळीनं येते. कधी अर्धा तास आधी येते, कधी गेलेली पाच मिनिटांत परत येते. आणि मोबाईल ऑटो लावलेली मोटर कुणी हात न लावताच सुरू होते. ऑटोवर असेल तर लाइट येताच, नाहीतर गावात बसलेल्या कुणाच्या तरी फोनवरून. पेटीपाशी कोण उभं आहे हे फोनवाल्याला दिसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी ज्याच्या ज्याच्या फोनमधून मोटर चालू होते त्या सगळ्यांना सांगितलं, दुपारपर्यंत मोटारीला फोन लावायचा नाही. मग ऑटोचं बटण बंद. मग मेन स्विच खाली. मग फ्यूजच्या तिन्ही ग्रिप काढून वायरमनच्या खिशात. ग्रिप खिशात असली की दुसरा कुणी येऊन बसवू शकत नाही. मग टेस्टरनं तपासलं, आणि त्याआधी तोच टेस्टर चालू लाइनवर पेटतो का ते शेजाऱ्याच्या बोर्डावर बघून घेतलं होतं. बंद पडलेला टेस्टर सगळीकडं "लाइट नाही" असंच सांगतो. पेटीच्या आत आम्ही हात घातला नाही. कपॅसिटर असला तर तो ग्रिप काढल्यावरही काही वेळ करंट धरून ठेवतो. आतलं काम वायरमनचं.

अँटेना मग दहा मिनिटांत निघाली. दुपारच्या उन्हानं पत्रा तापलेलाच होता, वेगळं शेकायचं कामच पडलं नाही. दोरा घातला, चार वेळा ओढला, सुटली. वायर मात्र एका हातानं आधाराला धरून ठेवली होती. अँटेनाची वायर मुळाशी नाजूक असते, ओढताना तीच तुटते, आणि मग रेंज का येत नाही म्हणून माणूस ऑटोला दोष देत बसतो.

सौर पंपवाल्यांना एक वेगळं सांगायचं आहे. तिथं लाइट जाण्याचा प्रश्नच नाही, कारण जोवर ऊन आहे तोवर पॅनेल करंट देत राहतं. कंट्रोलरचं बटण बंद केलं तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या वायरीत दाब असतोच, आणि तो डीसी असतो. कंट्रोलरच्या पेटीवर कुणी फोनचा स्टँड, दिवा, काही चिकटवलं असेल तर स्विच खाली करून, फक्त बाहेरच्या पत्र्यावरच, कोरड्या हातानं काम करा. पेटी उघडू नका. शासनाच्या योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी असते, पेटी उघडली की तिच्यावर वाद होतो.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या निघत असल्या तरी काढायच्याच नाहीत. कंट्रोलर आणि पॅनेलवरचा नंबरचा कागद. तो डिंकानंच चिकटवलेला असतो, पण तक्रार करताना तोच नंबर विचारतात. वीज मीटरचं सील, तो २००३ च्या वीज कायद्याचा विषय आहे, हात लावायचा नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग, तो एकदा सोलला की पुन्हा चालू नये असाच बनवलेला असतो. काच बदलायची असेल तर आधी नवा टॅग घ्यायची तयारी ठेवा.

हे सगळं करताना एक विचार मनात येतो. बैलगाडीचं चाक काढायचं तर खीळ ओढली की झालं. जुन्या बटणाच्या फोनची बॅटरी नखानं पाठ उघडून काढता यायची. आता फोनच्या आतही सगळं डिंकानं बसवलेलं आहे. आपण बाहेरची चकती काढताना जे शेकतो, दुरुस्तीवाला आतली बॅटरी काढताना तेच करतो. युरोपातल्या देशांनी यावर २०२३ साली कायदा केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकायच्या अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतःला काढता आली पाहिजे, आणि ती काढायला शेकणं किंवा रसायन लागू नये, असा त्यात नियम आहे. काही वस्तूंना सूट आहे, पण दिशा ती आहे. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात जी चार क्षेत्रं घेतली त्यांत मोबाईल आहे, गाड्या आहेत, घरातली यंत्रं आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. दुरुस्त करता येणं ही अवजाराची पहिली लायकी, हे आपल्या लोहार-सुतारांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात आहे ते बसवतानाच शहाणपण करणं. चकती फोनच्या पाठीला थेट चिकटवू नका. साधं रबरी कव्हर घाला आणि चकती कव्हरला लावा, किंवा कव्हर आणि फोनच्या मधे नुसती ठेवा. काढायची वेळ आली तर कव्हर काढलं की झालं. लोहचुंबक फोनमधल्या होकायंत्राला चकवतं, नकाशातला बाण उलटा दाखवतो, हे त्यातलं आणखी एक. ट्रॅक्टरवर टेपपेक्षा पट्ट्याचा किंवा स्क्रूनं आवळायचा होल्डर घ्या. आपल्याकडच्या उन्हात टेप दोन प्रकारे दगा देते. मे महिन्यात नांगरट करताना ढेकळांवर ती आपोआप सुटते आणि फोन चाकाखाली जातो, आणि पौषात काढायची म्हटलं तर निघत नाही. टेपनंच लावायचं असेल तर जागा आधी पुसून कोरडी करा आणि टेपची एक कड बाहेर मोकळी ठेवा. पुढं दोरा घालायला जागा राहते.

पुतण्यानं आता ट्रॅक्टरला पट्ट्याचा होल्डर बसवलाय, स्टीअरिंगच्या खाली, सावलीत. चार्जर फक्त बॅटरी उतरली तरच लावतो. ती चकती मी मागून घेतली आणि लोहचुंबकाला लावून विहिरीवरच्या पेटीच्या आतल्या दारावर ठेवली आहे. तिच्यात फ्यूजची तार आणि टेस्टर अडकवतो. टेप लावलेली नाही, उचलली की हातात येते.

ज्वारी निसवायला लागली आहे. उद्या शेवटचं पाणी. राम राम.